सासरे म्हणतात, जनगणनावाली आली तर सांग घरी कुणी नाही

पत्र असं आलंय:

"ताई, मी ३१ वर्षांची, बदलापूरला भाड्याच्या फ्लॅटमधे राहते. नवरा, चार वर्षांची मुलगी, सासरे आणि मी. जनगणना होणार हे कळल्यापासून घरात रोज वाद. सासऱ्यांचे मागच्या वर्षी केवायसीच्या फोनवरून चाळीस हजार गेले, तेव्हापासून ते कुणालाही काही सांगत नाहीत. ते म्हणतात दार उघडायचंच नाही, सांग घरी कुणी नाही. सोसायटीनेही नोटीस लावलीये की सर्व्हेवाल्यांना वर सोडू नये. त्यात घरमालकाचा मेसेज, कुणी विचारलं तर आम्ही त्याचे नातेवाईक आहोत असं सांगायचं. आणि ताई, माझं माहेर बौद्ध, सासर मराठा, लव्ह मॅरेज आहे. सासरे एकदा बोलता बोलता म्हणाले, लिहायची वेळ आलीच तर घरात एकच धर्म एकच जात लिहायची, वेगळं कशाला दिसायला हवं. नवरा म्हणतो सोड ना. मी काय करू? - चौथ्या मजल्यावरची"

अगं चौथ्या मजल्यावरची, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सासरे आणि ओटीपीचं प्रकरण आहे, दुसऱ्यांदा वाचताना कळलं की जे सांगायचं होतं ते तू पार शेवटाला, "आणि ताई" म्हणून हळूच सरकवलंयस. तिकडे येते मी. पण आधी सासरे, कारण त्यांची भीती खोटी नाहीये आणि तिला हसून चालणार नाही.

ज्या माणसाचे पेन्शनमधले चाळीस हजार एका गोड बोलणाऱ्या पोराने नेले त्याला तू "अहो बाबा सरकारी काम आहे" म्हणून कितीही सांग, त्या पोरानेही अगदी हेच सांगितलं असणार ना. तेव्हा देशाचं कर्तव्य वगैरे भाषण त्यांच्यापुढे करू नकोस, त्यापेक्षा एक साधा नियम सांग जो त्यांना वापरता येईल. फोन करून जो ओटीपी मागतो तो चोर, मग तो स्वतःला जनगणनेचा म्हणवो नाहीतर बँकेचा. आपण स्वतः जनगणनेच्या सरकारी वेबसाईटवर माहिती भरायला बसलो तर लॉगिनसाठी आपल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो आपणच आपल्या हाताने टाकायचा, कुणाला वाचून दाखवायचा नाही. आणि दारात येणाऱ्या बाईकडे किंवा माणसाकडे ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र असतं, ते आधी दारातच बघायचं, बिनधास्त बघायचं, त्यात अपमान कसला. मी स्वतः २०११ ला प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहून घेणारी, होते (झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते त्यामुळे हे काम आपोआप गळ्यात पडायचं) आणि जो कार्ड मागायचा त्याचा मला राग नाही यायचा, उलट बरं वाटायचं की चला, निदान हा माणूस पुढे बोलणार तरी.

विचारतात काय ते पण त्यांना वाचून दाखव. पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीत, ३३ प्रश्न आहेत, जानेवारी २०२६ मधे जाहीर झाले. भिंत कशाची, जमीन कशाची, खोल्या किती, पाणी कुठून येतं, संडास आतला की बाहेरचा, गॅस आहे का, टीव्ही, इंटरनेट, दुचाकी, आणि हो, घरात मुख्य धान्य कुठलं खातात हा पण प्रश्न आहे यावेळी, म्हणजे तुमच्याकडे भात की पोळी यावरून भांडण असेल तर तेही मिटवून ठेवा. शेवटी मोबाईल नंबर मागतात, तो जनगणनेच्या कामापुरताच. आधार नंबर, बँकेचा खातेनंबर, पगार किती यातलं त्या यादीत काहीही नाही. नागरिकत्वाचे कागद नाहीत. आणि बाबांना हळूच विचार, चारधामच्या टूरवाल्याला व्हॉट्सॲपवर आधारकार्डाचा पुढून मागून फोटो कुणी पाठवला होता? पाठवला नसेल तर मी माफी मागते, पण त्या वयाच्या बहुतेक सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या टूरवाल्याला पाठवलेला असतो.

कायदा १९४८ चा आहे, जनगणना अधिनियम. त्यातलं कलम १५ मला फार आवडतं. तुम्ही दिलेली माहिती कुणालाही उघडून बघायचा हक्क नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही, फौजदारीतही फक्त जनगणनेच्याच कामातला गुन्हा असेल तरच. म्हणजे उद्या तुमच्या भावकीतल्या जमिनीच्या केसमधे कुणी म्हणालं की बघा जनगणनेत यांनी अमुक लिहिलंय तर कोर्ट ते घेणार नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही शिक्षा आहे आणि उत्तर द्यायला नकार देणाऱ्यालाही हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाची धमकी घरात वापरू नकोस प्लीज, सासऱ्यांना दंड दाखवला की ते अजून ताठ होतील, मी ओळखते ही माणसं. आता मोबाईल ॲपवर सगळं भरलं जाणार तर लीक होणारच नाही अशी हमी मी काही देऊ शकत नाही, कायदा कागदावर असतो आणि सर्व्हर कुठेतरी असतो, ही शंका मलाही आहे. पण माझ्या घराच्या भिंती विटांच्या आहेत आणि आम्ही ज्वारी खातो हे कळून चोर माझं काय नेणार ते मला अजून समजलेलं नाही.

दुसरा गोंधळ आहे तो सरमिसळीचा. बिहारमधे २०२५ ला मतदारयाद्यांची पडताळणी झाली, लोकांकडून कागद मागितले, ते टीव्हीवर बघून सगळ्यांना वाटतंय की हे पण तेच. ते निवडणूक आयोगाचं काम होतं, हे वेगळं. २०२० ला घरयादीसोबत एनपीआर, म्हणजे राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही, जोडला होता, तो नागरिकत्व कायद्याखालचा, त्यामुळे तेव्हा कितीतरी मोहल्ल्यांमधे लोकांनी ठरवलं होतं की कुणालाच काही सांगायचं नाही, आणि मग कोरोना आला आणि सगळंच थांबलं. त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही, कायदे दोन असले तरी दारात येणारा माणूस एकच असेल तर कुणीही गोंधळेल. आणि नकार देणं काही नवीन नाही गं, खानेसुमारी (जनगणनेचं जुनं नाव) म्हटलं की नवीन कर लागणार ही अफवा इंग्रजांच्या पहिल्या मोजणीपासूनची, आणि काँग्रेसने तर ११ जानेवारी १९३१ ला खानेसुमारीवर बहिष्काराचा दिवसच पाळला होता. बाबांना हे सांगितलंस तर त्यांना बळच येईल, तेव्हा नको सांगूस, हे आपलं तुझ्यापुरतं.

सोसायटीची नोटीस. सेक्रेटरीला एवढंच म्हण की सेल्समन आणि प्रगणक यात फरक आहे, कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे प्रगणकाला आत येऊ द्यावं लागतं आणि दारावर नंबरही टाकू द्यावा लागतो. नोटीसमधे एक ओळ वाढवायची, "जनगणना कर्मचारी ओळखपत्र दाखवून" वगैरे. झालं. यावर मीटिंग घेऊ नका, मीटिंगमधे पार्किंगचा विषय निघतो.

घरमालकाचं मात्र मला हसू पण आलं आणि राग पण आला. त्याला वाटतंय भाडेकरू लिहिला की नगरपालिकेचा जास्तीचा टॅक्स येईल. घर मालकीचं की भाड्याचं एवढं विचारतात हे खरं, पण ते उत्तर टॅक्स खात्याकडे जात नाही, वर सांगितलं ते कलम १५ याही ठिकाणी आहे. आणि तुमचं लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलेलं असेल तर सरकारला तुम्ही तिथे राहता हे आधीच माहितीये. रजिस्टर केलेलं नसेल तर ते वेगळं दुखणं आहे, त्यासाठी वेगळं पत्र लिही. त्याला उत्तर म्हणून फक्त "बघते" असा मेसेज टाक आणि विचारल्यावर खरं सांग, नातेवाईक होण्याची काही गरज नाही, त्याने गणपतीला तरी बोलावलं होतं का कधी.

बरं आता जरा तुझ्या गावाबद्दल. २०११ ला कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या मोजली गेली ती १ लाख ७४ हजार. सकाळची ८ च्या आसपासची लोकल पकडतेस ना तू, मग तूच सांग त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून की हा आकडा तुला आज खरा वाटतो का. पण कागदावर अजून तोच चालू आहे. आत्ता नगरपालिका, महापालिकांच्या निवडणुका झाल्या त्याचे प्रभाग पण २०११ च्याच आकड्यांवर पाडले. रेशनचं तर विचारूच नकोस. अन्नसुरक्षा कायद्यात देशात ८१ कोटी ३५ लाख लोकांना धान्य द्यायचं ठरलं, तो आकडा २०११ च्या जनगणनेवरून काढलेला, त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याला सात कोटी. त्याच्यावर माणसं वाढली तरी यादी वाढत नाही. तुझ्याकडे भांडी घासायला कुणी येत असेल तर तिला विचार, रेशन ऑफिसमधे सुनेचं, नातवाचं नाव चढवायला गेली की काय उत्तर मिळतं. "इष्टांक भरलाय." म्हणजे ठरवून दिलेली माणसांची संख्या भरली, आता जागा नाही. हा शब्द तिला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तुमच्या चौघांमुळे तिला रेशन मिळेल असं मी म्हणत नाहीये, पण दारं बंद करणारे आपणच असतो आणि इष्टांक भरलेला तिचा असतो, हे जरा डोक्यात असू दे.

आता माझी एक गोष्ट सांगते, खरंतर कुणाला फारशी सांगितलेली नाही.

फेब्रुवारी २०११, मोजणीसाठी माझ्या वाट्याला आलेल्या ब्लॉकमधे दीडशेच्या आसपास घरं होती, जास्त करून चाळ. शाळा सुटली की पिशवीत फॉर्म, पॅड, काळं पेन घेऊन निघायचं, पायात चप्पल सैल कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. एका घरी, दुपारी साडेतीनची वेळ, एक गृहस्थ दारातच खुर्ची टाकून बसले, मला आत घेतलं नाही पण पाणी दिलं, चांगले होते बोलायला. घरात किती जण? चार. नावं सांगितली, वयं सांगितली, बायकोचं, दोन मुलांचं. मी लिहीत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून स्टीलचं ताट खाली आपटल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी एकच अक्षर ओढत ओढत ओरडलं, मोठ्या माणसाचा आवाज, मुलाचा नाही. मी पेन थांबवलं. ते गृहस्थ माझ्याकडे न बघता म्हणाले, "चारच लिहा बाई." मी म्हटलं भाऊ आहे का? यात अपंगत्वाचा पण रकाना आहे, नोंद झाली तर. ते परत म्हणाले, अगदी हळू, "मुलीचं बघतोय आम्ही. चारच लिहा."

मी चार लिहिले.

नियमाप्रमाणे मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहिती होतं आणि आत्ताही माहितीये. समोरचा सांगेल ते लिहायचं हेही खरं आणि घरात राहणारा एकही माणूस सुटता कामा नये हेही खरं. त्या जनगणनेनंतर जी फेरतपासणी झाली त्यात निघालं की हजारामागे २३ माणसं मोजायची राहून गेली होती. पेपरमधे ते वाचलं तेव्हा मला ते ताट आठवलं. त्यातला एक मी सोडलेला आहे.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी की सरकारच्या भीतीने दार लावणारी माणसं मी पाहिलीत, पण त्यापेक्षा जास्त पाहिलीत ती अशी, ज्यांना शेजाऱ्यांपुढे, सोयऱ्यांपुढे, कधी स्वतःपुढेच एखादी गोष्ट मोठ्याने बोलायची नसते. तुझ्या सासऱ्यांचे चाळीस हजार गेले हे खरंच आहे. पण माझ्यासाठी एक विचार त्यांना, जानेवारी २०२४ ला मागासवर्ग आयोगाचं मराठा सर्वेक्षण घरोघरी आलं होतं, किती लांबलचक प्रश्नावली होती ती, तेव्हा त्यांनी दार उघडलं होतं का? उघडलं असेल, चहा पण दिला असेल, तर मग आत्ताची भीती निव्वळ ओटीपीची नाही. कदाचित मी चुकत असेन, तू घरात आहेस, तुला जास्त कळेल.

आता तुझं. पहिल्या टप्प्यात, घरयादीत, फक्त कुटुंबप्रमुख अनुसूचित जाती, जमाती की इतर एवढंच विचारतात, तिथे तुझा प्रश्न येतच नाही. खरी वेळ आहे फेब्रुवारी २०२७, माणसं मोजतील तेव्हा. तिथे धर्म घराचा विचारत नाहीत, प्रत्येक माणसाचा वेगळा विचारतात, आणि आम्हाला ट्रेनिंगमधे ठासून सांगायचे की नवऱ्याचा लिहिला म्हणून बायकोचा तोच धरून चालायचं नाही, विचारायचं. तेव्हा "घरात एकच धर्म" असा काही नियम नाही, तो तुझ्या सासऱ्यांचा आहे. जात पण यावेळी सगळ्यांची विचारणार आहेत. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे छापूनच आलेले नाहीत, त्यामुळे यावर फेब्रुवारीत घराघरात काय काय होणार आहे ते मला आत्ताच दिसतंय.

तुझ्या रकान्याला किंमत आहे गं. १९५१ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात बौद्ध दोन लाखसुद्धा नव्हते. १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर जे झालं त्यानंतर १९६१ ला हाच आकडा ३२ लाखांवर गेला. तो कुणी वाढवला? दारात आलेल्या माणसाला ज्यांनी "बौद्ध" असं सांगितलं त्यांनी, आणि तेव्हा गावात ते सांगणं आजच्यापेक्षा किती अवघड असेल विचार कर. २०११ ला देशात ८४ लाख, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. माझ्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या पदराला हात पुसत पुसत आल्या आणि माझ्या खांद्यावरून फॉर्ममधे बघत उभ्या राहिल्या, मी लिहून होईपर्यंत. लिहायला वाचायला फारसं येत नव्हतं त्यांना, पण तो एक शब्द त्यांना ओळखू यायचा. म्हणाल्या, पेनाने लिहिलंत ना, पेन्सिलीने नाही ना? तुझ्या आईला विचार, तिच्या घरी पण हा पेन-पेन्सिलीचा विषय झालेला असणार. आणि धर्म बौद्ध लिहिला म्हणून अनुसूचित जात लिहिता येत नाही असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालंय, १९९० पासून बौद्धांनाही त्यात धरतात.

म्हणून माझा सल्ला असा की सासऱ्यांशी दोन वेगवेगळी बोलणी कर, एकत्र नको. फसवणुकीचं आत्ताच बोलून टाक, आणि ते त्यांच्यावरच सोपव. कार्ड तपासायचं काम बाबांचं, दार उघडायचं काम बाबांचं, खुर्ची टाकून बसतील आणि त्या पोरीला चार प्रश्न जास्तीचे विचारतील, विचारू देत. किंवा स्वतः ऑनलाईन भरायची सोय आहे, मराठीतून, रात्री मुलगी झोपल्यावर तू आणि नवरा बसा आणि भरा, शेवटी एक आयडी नंबर येतो तो नंतर प्रगणक आली की दाखवायचा. तुझ्या रकान्यासाठी मला ही दुसरी पद्धत जास्त बरी वाटते, दारात उभं राहून, शेजारचं दार अर्धं उघडं असताना बोलायला नको.

धर्माचं बोलणं सासऱ्यांशी करण्याआधी नवऱ्याशी कर. "सोड ना" हे उत्तर नाहीये. त्याला सरळ विचार की तू माझं काय लिहिणार आहेस? लग्न करताना त्याला माहिती होतं, मग तिथे बोट का अडखळेल ते त्याने तुला सांगावं. तो म्हणाला की तुझं तू ठरव, तर अर्धं काम झालं. मग सासऱ्यांना एकदाच, भांडणाच्या वेळी नाही, सकाळच्या चहाला, सांगायचं की बाबा तुमचं तुम्ही सांगाल ते लिहू, माझं मी सांगेन ते लिहिणार आहे, हे कुणाला दाखवत नाहीत आणि कुठे छापून येत नाही. ते दोन दिवस बोलणार नाहीत. न बोलू देत. तिसऱ्या दिवशी नातीसाठी बिस्किटाचा पुडा आणतीलच.

मुलीचं काय लिहायचं ते मी नाही सांगणार. तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि जे लिहाल त्याचा तिच्या पुढच्या जातीच्या दाखल्याशी संबंध नाही, तेव्हा त्या ओझ्याखाली ठरवू नका. आणि सासरे म्हणाले ना की माझं नाव गावाला लावा (म्हणतीलच, सगळे म्हणतात) तर त्यांना सांग की माणूस जिथे राहतो तिथे मोजतात, सातबारा गावाला असला तरी.

अजून एक. तुमची लिफ्ट चालू असेलच असं नाही, चौथा मजला आहे. येणारी बहुतेक शाळेतली बाई नाहीतर अंगणवाडीताई असेल, तुमच्याआधी वीस घरं करून आलेली, त्यातली आठ बंद. कार्ड बघून झालं की तिला आत बसव, फॅन लाव, पाणी दे. आणि घरात कुत्रं असेल तर आधी बांध, माझ्या डाव्या पोटरीवर २०११ ची खूण अजून आहे.